नियमांत उरलेला खेळाडू : जॉर्ज मायकन



ज्या व्यायामशिक्षकांच्या स्मृतिप्रीत्यर्थ शाळेने ही व्याख्यानमाला चालविली आहे, त्यांचा मी विद्यार्थी. पुढे आयुष्यभर मी मराठी शिकविले. मैदानाशी माझा संबंध प्रेक्षकाचाच राहिला. त्यामुळे यंदा खेळाविषयी बोलावे, असे निमंत्रण आले तेव्हा प्रथम संकोच वाटला. मग सरांची एक सवय आठवली. बास्केटबॉलच्या तासाला एखादा मुलगा नियमावरून हुज्जत घालू लागला, की सर शिट्टी खिशात टाकीत आणि तो नियम मुळात का झाला, हे सांगत. नियम पाठ करून घेणारे शिक्षक मला पुष्कळ भेटले. नियमामागची हकीकत सांगणारे थोडे. त्या सवयीला स्मरून आज मी अशा एका खेळाडूविषयी बोलणार आहे, की ज्याच्यामुळे बास्केटबॉलचे नियम एकदा नव्हे, अनेकदा बदलावे लागले. त्याचे नाव जॉर्ज मायकन.

हे नाव आपल्यापैकी अनेकांनी ऐकले नसेल, आणि त्यात आपला काही दोष नाही. ज्या वर्षांत आपल्या इंदूरचा होळकर संघ कर्नल सी. के. नायडू यांच्या पिढीच्या बळावर चार वेळा रणजी करंडक जिंकत होता, जवळजवळ त्याच वर्षांत अमेरिकेतील मिनिआपोलिस शहरी मायकन आपला पराक्रम गाजवीत होता. नायडूंचे षटकार आपल्या वाडवडिलांच्या तोंडी राहिले. मायकनची कीर्ती समुद्र ओलांडून आपल्याकडे फारशी आली नाही. तथापि त्याने खेळावर उमटविलेली खूण मात्र आली आहे. आपल्या शाळेच्या कोर्टावर चुन्याने जे पट्टे आखले जातात, त्यांतही ती आहे.

मायकनपूर्वीचा खेळ

बास्केटबॉल हा खेळ वयाने फार मोठा नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्ड गावी डिसेंबर १८९१ मध्ये जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने तो निर्माण केला. कडाक्याच्या थंडीत मुलांना छपराखाली खेळता यावे, एवढाच मूळ हेतू. सज्जाच्या कठड्याला पीचच्या दोन टोपल्या टांगल्या; कठडा दहा फुटांवर होता, म्हणून टोपलीही दहा फुटांवर राहिली. ती उंची आजतागायत बदललेली नाही. नियम होते अवघे तेरा. वाय. एम. सी. ए. या संस्थेच्या मार्फत हा खेळ थोड्याच वर्षांत देशोदेशी गेला आणि आपल्याकडेही तो मुख्यत्वे त्याच वाटेने आला.

टोपली उंचावर असल्यामुळे उंच माणसाला हा खेळ सोपा जाईल, असे आज आपणांस सहजच वाटते. प्रारंभीच्या अर्धशतकात मात्र समजूत निराळी होती. फार उंच माणूस अवजड असतो, त्याचे हातपाय त्याच्या ताब्यात नसतात, तो धावण्यात मागे पडतो, असे प्रशिक्षक मानीत. १९३७ पर्यंत प्रत्येक बास्केटनंतर मैदानाच्या मध्यभागी चेंडू उडवून खेळ पुन्हा सुरू होत असे. त्या उडीपुरता उंच गडी उपयोगी पडे. ती पद्धत बंद झाल्यावर तर त्याचे उरलेसुरले महत्त्वही कमी झाले. खेळ होता तो चपळ, मध्यम उंचीच्या, दुरून नेम साधणाऱ्या खेळाडूंचा.

व्यावसायिक बास्केटबॉलची स्थिती याहूनही सामान्य होती. महाविद्यालयीन सामन्यांना गर्दी लोटत असे. पैसे घेऊन खेळणाऱ्यांचे संघ मात्र लहान गावांत, कारखान्यांच्या आश्रयाने कसेबसे तग धरीत. १९३७ मध्ये ‘नॅशनल बास्केटबॉल लीग’ स्थापन झाली, तिच्यात टायर बनविणाऱ्या कंपन्यांचे संघ होते. १९४६ मध्ये मोठ्या शहरांतील क्रीडागृहांच्या मालकांनी ‘बास्केटबॉल असोसिएशन ऑफ अमेरिका’ ही दुसरी साखळी उभारली. या दोहोंच्या मीलनातून ऑगस्ट १९४९ मध्ये आजची ‘नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन’, अर्थात एन. बी. ए., जन्मास आली. त्या धडपडीच्या काळात लोकांनी तिकीट काढून यावे असे एक नाव हवे होते. ते मायकनच्या रूपाने लाभले.

नाकारलेला मुलगा

जॉर्ज लॉरेन्स मायकनचा जन्म १८ जून १९२४ रोजी इलिनॉय राज्यातील जोलिएट गावी झाला. घराणे मूळचे क्रोएशियन. लहानपणी त्याच्या गुडघ्याला अशी जबर इजा झाली, की सुमारे दीड वर्ष त्याला अंथरुणावर काढावे लागले. दृष्टी अतिशय अधू. चष्म्याच्या काचा पाव इंच जाडीच्या. या चष्म्यापायी शाळेच्या संघात त्याला जागा मिळाली नाही. घरच्यांच्या धार्मिक वळणाप्रमाणे धर्मगुरू व्हावे म्हणून तो शिकागोच्या क्विगली विद्यालयात दाखल झाला. उंची वाढत वाढत सहा फूट दहा इंचांवर गेली आणि उंचीबरोबर संकोचही वाढला. नोटर डेम या नामांकित विद्यापीठाच्या संघासाठी त्याने आपली परीक्षा देऊन पाहिली. तेथूनही तो परत पाठविला गेला.

१९४२ मध्ये तो शिकागोच्या डीपॉल विद्यापीठात आला. त्याच वर्षी तेथे रे मेयर नावाचा अठ्ठावीस वर्षांचा तरुण प्रशिक्षक म्हणून रुजू झाला होता. इतरांनी ज्या मुलात अवजडपणा पाहिला, त्याच्यात मेयरने उंची आणि जिद्द पाहिली. ही दृष्टी सर्वच शिक्षकांना लाभत नाही. मेयरने काय केले, ते मात्र कोणत्याही शिक्षकाला करता येण्याजोगे होते. त्याने या मुलाला दोरीवरच्या उड्या मारावयास लावल्या, मुष्टियोद्ध्यांप्रमाणे हवेत ठोसे मारण्याचा सराव दिला आणि पावलांना डौल यावा म्हणून चक्क नृत्याचे धडे देवविले. आपल्याकडे आखाड्यात वस्ताद नवख्या पोराकडून आधी पायांची मेहनत करून घेतो आणि मग डाव शिकवितो. मेयरची रीत मुळात तीच होती.

डाव होता हूक शॉटचा. खेळाडू बास्केटकडे खांदा करून उभा राहतो आणि दूरच्या हाताने, डोक्यावरून अर्धवर्तुळ काढीत, चेंडू आत सोडतो. मध्ये खांदा आणि छाती आडवी असल्याने समोरच्याचा हात चेंडूपर्यंत पोहोचत नाही. मायकनने हा डाव उजव्या हाताने साधला आणि डाव्या हातानेही तितकाच साधला. त्यासाठी मेयरने जो सराव घालून दिला, तो आजही ‘मायकन ड्रिल’ याच नावाने ओळखला जातो. बास्केटच्या अगदी खाली उभे राहावयाचे, एक पाऊल उजवीकडे, उजव्या हाताने चेंडू बोर्डाला लावून आत, तो खाली पडू न देता झेलावयाचा, एक पाऊल डावीकडे, डाव्या हाताने आत, पुन्हा उजवीकडे. चेंडू जमिनीला लागता कामा नये आणि लय तुटता कामा नये. शेकडो वेळा, रोज. जगभरची मुले हा सराव करतात. त्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल, की हे कोणा उपजत चपळ खेळाडूचे कसब नव्हे, तर संघात न घेतलेल्या एका मुलाचे पाढे आहेत.

मार्च १९४५ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये डीपॉलने ऱ्होड आयलंडच्या संघाचा ९७ विरुद्ध ५३ असा पराभव केला. त्यांत एकट्या मायकनचे गुण ५३. म्हणजे समोरच्या संपूर्ण संघाने जेवढे गुण मिळविले, नेमके तेवढेच त्याने एकट्याने मिळविले. ती राष्ट्रीय निमंत्रितांची स्पर्धा डीपॉलने जिंकली.

व्याकरण आणि मैदान

येथे मराठीच्या प्राध्यापकाला आपल्या विषयाकडे थोडे वळू द्यावे. व्याकरण प्रयोगशरण असते, असे आपण म्हणतो. बोलणारे आधी बोलतात. वैयाकरण मागाहून नियम लिहितो, आणि एखादा प्रयोग नियमात बसेनासा झाला की नियमालाच वाट करून द्यावी लागते. खेळाचेही तसेच आहे. नियम आधी होतात हे खरे, परंतु असा एखादा खेळाडू येतो, की ज्याच्या खेळाने नियमाची मर्यादाच उघडी पडते. मग नियम करणाऱ्यांना पुन्हा लेखणी हाती घ्यावी लागते. मायकनच्या बाबतीत हे कसे घडले, ते क्रमाने पाहू.

पहिला बदल त्याच्या महाविद्यालयीन काळातला. विरुद्ध बाजूच्या खेळाडूने फेकलेला चेंडू बास्केटमध्ये उतरत असताना मायकन उडी मारून तो वरच्या वरच हाताने बाजूला सारीत असे. तेव्हाच्या नियमांत याला बंदी नव्हती, कारण एवढ्या उंचीवर कोणाचा हात पोहोचेल, अशी कल्पनाच कोणी केली नव्हती. ओक्लाहोमाचा बॉब कर्लंड हा सात फुटी खेळाडूही हेच करी. या दोघांमुळे १९४४ मध्ये नियम झाला, की बास्केटकडे खाली येऊ लागलेल्या चेंडूला बचाव करणाऱ्याने हात लावावयाचा नाही. त्यालाच आपण ‘गोलटेंडिंग’ म्हणतो.

दुसरा बदल मैदानाच्या आखणीचा. बास्केटसमोर फ्री-थ्रोच्या रेषेपर्यंत जो पट्टा असतो, त्यात आक्रमक खेळाडूला सलग तीन सेकंदांहून अधिक थांबता येत नाही. त्या काळी हा पट्टा अवघा सहा फूट रुंद होता. मायकन पट्ट्याच्या कडेला उभा राही. तेथून बास्केट म्हणजे त्याला एका पावलाचे काम. पाठीमागचा बचावगडी कितीही रेटो, चेंडू हाती आला की वळणे आणि हूक शॉट. १९५१ मध्ये एन. बी. ए.ने हा पट्टा दुप्पट, म्हणजे बारा फूट केला. हेतू उघड होता : मायकनला बास्केटपासून दूर ढकलणे. त्याचा परिणामही दिसला. १९५०–५१ च्या हंगामात त्याची सरासरी सामन्यामागे २८.४ गुण होती, ती पुढच्या हंगामात २३.८ वर आली. परंतु त्याचा संघ त्याच वर्षी पुन्हा विजेता ठरला. जिम पोलार्ड, व्हर्न मिकेल्सन, स्लेटर मार्टिन हे त्याचे सोबती काही सामान्य नव्हते. मार्च १९५४ मध्ये तर एका सामन्यापुरते बास्केट दहाऐवजी बारा फुटांवर बांधून पाहिले. त्या प्रयोगाने उंच माणसाचा लाभ कमी झाला नाही, उलट ठेंगण्यांचीच अडचण वाढली. तेव्हा तो तेथेच सोडून देण्यात आला.

तिसरा बदल सर्वांत दूरगामी. २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेनचा पिस्टन्स संघ मिनिआपोलिसला आला. मायकनशी सरळ झुंजून निभाव लागणार नाही, हे ओळखून त्यांनी युक्ती केली. चेंडू हाती आला की तो बास्केटकडे फेकावयाचाच नाही. आपसांत फिरवीत, नुसता धरून, वेळ काढावयाचा. नियमात याला कोणतीच आडकाठी नव्हती. प्रेक्षक चिडले, ओरडले. खेळ तसाच रेंगाळत राहिला. अठ्ठेचाळीस मिनिटांच्या त्या सामन्यात अखेरीस फोर्ट वेनने १९–१८ असा विजय मिळविला. मिनिआपोलिसच्या अठरा गुणांपैकी पंधरा मायकनचे. एन. बी. ए.च्या इतिहासात दोन्ही संघांचे मिळून इतके थोडे गुण दुसऱ्या कोणत्याही सामन्यात झालेले नाहीत.

असे सामने पाहावयास कोण येणार? या प्रश्नाचे उत्तर शोधावयास चार वर्षे लागली. सिराक्यूस संघाचे मालक डॅनी बियासोन यांनी साधे गणित मांडले. रंगलेल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून सुमारे १२० वेळा बास्केटकडे चेंडू फेकतात. सामन्याची अठ्ठेचाळीस मिनिटे म्हणजे २,८८० सेकंद. त्याला १२० ने भागले, की २४. तेव्हा चेंडू ताब्यात आल्यापासून चोवीस सेकंदांच्या आत बास्केटचा प्रयत्न झालाच पाहिजे. १९५४–५५ च्या हंगामापासून हा नियम लागू झाला आणि सामन्यामागे प्रत्येक संघाची सरासरी ७९.५ गुणांवरून ९३.१ वर गेली. आजचा वेगवान बास्केटबॉल या भागाकारातून निघाला आहे. चोवीस सेकंदांचा नियम केवळ एका सामन्यामुळे किंवा केवळ मायकनमुळे झाला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. रेंगाळणारे सामने इतरही होते. परंतु ज्याला थांबविण्याचा दुसरा उपायच सापडेना, असा खेळाडू मैदानात असणे हे त्या दुखण्याचे एक मूळ होते.

कीर्ती आणि तिची मर्यादा

१९४६ मध्ये मायकन शिकागोच्या ‘अमेरिकन गियर्स’ या संघाकडून व्यावसायिक खेळाडू झाला. वेतन वर्षाला १२,००० डॉलर, त्या काळी थक्क करणारी रक्कम. १९४७ मध्ये संघ विजेता ठरला. पण त्याच्या मालकाने स्वतःची नवी साखळी काढण्याचा घाट घातला, ती काही आठवड्यांतच बुडाली आणि खेळाडू इतर संघांत वाटले गेले. डेट्रॉईटचा तळाला राहिलेला संघ विकत घेऊन मिनिआपोलिसने नुकताच ‘लेकर्स’ नावाचा संघ उभा केला होता. तळाचा म्हणून निवडीचा पहिला मान त्याला, आणि अशा रीतीने मायकन मिनिआपोलिसला आला. मिनेसोटा हे सरोवरांचे राज्य. त्यावरून संघाचे नाव ‘लेकर्स’. पुढे १९६० मध्ये हा संघ लॉस एंजेलिसला गेला, तेथे सरोवरे नसूनही नाव तेच राहिले.

प्रशिक्षक जॉन कुंडला यांच्या हाताखाली लेकर्सनी १९४८, १९४९, १९५०, १९५२, १९५३ आणि १९५४ ही विजेतेपदे मिळविली. गियर्सचे धरून आठ हंगामांत सात. डिसेंबर १९४९ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या दर्शनी फलकावर त्या रात्रीच्या सामन्याची जाहिरात झळकली, तीत लेकर्सचे नावच नव्हते. जॉर्ज मायकन विरुद्ध न्यूयॉर्क निक्स, एवढेच होते. सहकाऱ्यांनी त्याची थट्टा केली : गणवेश न चढविता ते बसून राहिले आणि आज तुझा एकट्याचाच सामना दिसतो, असे त्याला सुनावले. १९५० मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या मतदानात तो विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील सर्वश्रेष्ठ बास्केटबॉलपटू ठरला.

या बिरुदाची मर्यादाही येथेच सांगितली पाहिजे. गौरव करताना सत्य झाकणे हा स्मरणाचा धर्म नव्हे. त्या काळच्या प्रमुख व्यावसायिक संघांची दारे कृष्णवर्णीय खेळाडूंना बहुतांशी बंद होती. १९ फेब्रुवारी १९४८ रोजी शिकागोत लेकर्सचा सामना हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या कृष्णवर्णीयांच्या संघाशी झाला. ग्लोबट्रॉटर्स म्हणजे हसविणारे, करामती करणारे खेळाडू, अशी लोकांची समजूत. त्यांनी लेकर्सना ६१–५९ असे हरविले; निर्णायक चेंडू एर्मर रॉबिन्सन याने अखेरच्या क्षणी दुरून टाकला. पुढच्याच वर्षी त्यांनी लेकर्सना पुन्हा हरविले. १९५० मध्ये चक कूपर, नॅट क्लिफ्टन आणि अर्ल लॉईड या तिघांसह एन. बी. ए.ची दारे उघडली. श्रेष्ठत्वाचा निवाडा ज्या स्पर्धेत झाला, तीत सर्वांना प्रवेशच नव्हता, हे ध्यानी ठेवूनच पूर्वार्धातील त्या बिरुदाकडे पाहावयास हवे. मायकनचा पराक्रम त्यामुळे खोटा ठरत नाही. त्याचे माप तेवढे नीट कळते.

१९५४ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, मायकनने निवृत्ती स्वीकारली. शरीरावर मोडलेल्या हाडांच्या आणि टाक्यांच्या खुणा पुष्कळ होत्या. नेमका त्याच हंगामात चोवीस सेकंदांचा नियम आला. १९५५–५६ मध्ये तो ३७ सामन्यांपुरता परतला, तेव्हा सरासरी १०.५ वर उतरली होती. ज्या खेळाला त्याने नवे वळण दिले, तो खेळ त्याच्या पुढे निघून गेला होता.

उत्तरायुष्य

मैदानावरच्या मायकनला आतापर्यंत मी खेळाडू म्हणून आपलेपणाने एकवचनात संबोधिले. आता प्रौढ आणि वृद्ध मायकन यांच्याकडे वळताना बहुवचनच योग्य.

त्यांनी कायद्याची पदवी घेतली होती. मिनिआपोलिसमध्ये वकिली केली. १९५६ मध्ये प्रतिनिधिगृहाची निवडणूक लढविली, तीत पराभव झाला. काही काळ लेकर्सचे प्रशिक्षकपद सांभाळले, तेही यशस्वी ठरले नाही. १९६७ मध्ये ‘अमेरिकन बास्केटबॉल असोसिएशन’ ही प्रतिस्पर्धी साखळी निघाली. तिचे पहिले आयुक्त मायकन झाले. तेथे त्यांनी चेंडू तांबडा-पांढरा-निळा केला. तपकिरी चेंडू दूरच्या प्रेक्षकाला नीट दिसत नाही, हे त्यांचे म्हणणे. आयुष्यभर जाड काचांतून चेंडू शोधणाऱ्या माणसाला हे सुचावे, यात नवल नाही. त्याच साखळीने दुरून टाकलेल्या चेंडूला तीन गुण देण्याची पद्धत रुजविली. तिचे चार संघ १९७६ मध्ये एन. बी. ए.मध्ये सामील झाले आणि १९७९ मध्ये तीन गुणांची रेषाही तेथे आली. बास्केटजवळ उभे राहून साम्राज्य गाजविलेल्या या खेळाडूच्या कारकिर्दीत, बास्केटपासून दूर उभ्या असलेल्या ठेंगण्या नेमबाजाला न्याय मिळाला.

लेकर्स गेल्यानंतर ओस पडलेल्या मिनिआपोलिसला पुन्हा एन. बी. ए.चा संघ मिळावा, म्हणूनही ते झटले. १९८९ मध्ये ‘टिंबरवुल्व्ज’ संघ तेथे खेळू लागला. १९५९ मध्ये बास्केटबॉलच्या गौरवदालनात ज्यांचा प्रथम समावेश झाला, त्यांत ते होते. १९९६ मध्ये एन. बी. ए.ने निवडलेल्या पन्नास थोर खेळाडूंतही ते होते. २००१ मध्ये मिनिआपोलिसच्या क्रीडागृहात त्यांचा हूक शॉट टाकतानाचा पुतळा उभा राहिला.

पुतळा उभा राहिला तेव्हा खऱ्या मायकन यांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापला गेलेला होता. मधुमेह बळावला होता, मूत्रपिंडे निकामी होत होती. उपचारांचा खर्च मोठा आणि निवृत्तिवेतन महिन्याला सुमारे १,७०० डॉलर. याचे कारण नियमात होते. खेळाडूंच्या निवृत्तिवेतनाची व्यवस्था १९६५ मध्ये झाली, आणि तीत त्यापूर्वी निवृत्त झालेल्यांना स्थान नव्हते. पुढे त्यांनाही काही मिळू लागले, पण नंतरच्यांच्या तुलनेत ते तुटपुंजे होते. ज्यांनी थंड बसगाड्यांतून प्रवास करून, रिकाम्या खुर्च्यांसमोर खेळून हा व्यवसाय उभा केला, ते त्याच्या भरभराटीच्या वाट्यातून वगळले गेले. मायकन यांनी अखेरची वर्षे या जुन्या सोबत्यांना न्याय्य वेतन मिळावे म्हणून खटपट करण्यात घालविली. ती पूर्णपणे फळास आलेली त्यांना पाहावयास मिळाली नाही. १ जून २००५ रोजी ॲरिझोनातील स्कॉट्सडेल येथे, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. शकील ओनील या नव्या पिढीच्या महाकाय खेळाडूने अंत्यविधीचा सर्व खर्च उचलण्याची तयारी दाखविली. ओनील स्वतः बास्केटजवळच खेळत असे आणि लेकर्सकडूनही खेळला होता. आपण कोणाच्या पायवाटेने आलो, हे तो जाणत होता.

३० ऑक्टोबर २०२२ रोजी, त्यांच्या मृत्यूनंतर सतरा वर्षांनी, लॉस एंजेलिसच्या लेकर्सनी मायकन यांचा ९९ हा क्रमांक सन्मानपूर्वक निवृत्त केला. तो आता दुसऱ्या कोणाला दिला जाणार नाही.

स्मरण आणि ऋण

श्रोतेहो, या चरित्रात एक विलक्षण विसंगती आहे. त्यांना आवरण्यासाठी नियम तत्परतेने बदलले. त्यांना आधार देण्यासाठी नियम बदलावयास मात्र कोणाला घाई नव्हती. पट्टा सहा फुटांचा बारा फूट करावयास एक बैठक पुरली. निवृत्तिवेतनाच्या एका तारखेने बाहेर ठेवलेल्या वृद्धांना आत घेताना मात्र वर्षांमागून वर्षे गेली. पुतळा, क्रमांक, गौरवदालन ही स्मरणाची चिन्हे खरीच. पण ती स्मरण करणाऱ्याची शोभाही वाढवितात. ज्याचे स्मरण करावयाचे, त्याच्या हयातीत त्याला काय मिळाले, हा प्रश्न अधिक अवघड आहे.

आपल्या परंपरेने माणसाच्या माथी ऋणे सांगितली आहेत. ऋण हा शब्द ‘उल्लेखा’साठी नाही, फेडण्यासाठी आहे. आपण व्यासपीठावरून ऋणनिर्देश करतो आणि निर्देश झाला की ऋण फिटले, असे समजून घरी जातो. आज ज्यांच्या नावे आपण जमलो आहोत, त्या सरांनी कोणताही नियम बदलला नाही. त्यांचे नाव या गावाबाहेर कोणाला ठाऊक नाही. परंतु मेयरने डीपॉलमध्ये जे केले, तेच त्यांनी आपल्या मैदानावर कितीतरी अवघडलेल्या मुलांसाठी केले. कोणी चष्मेवाला, कोणी लंगडणारा, कोणी उंचीने लाजणारा. ‘तू बाजूला बस’ असे त्यांनी कोणाला म्हटले नाही. त्यांच्या पिढीतील शिक्षक आणि शाळेचे सेवक आपल्यांत आजही थोडे आहेत. त्यांना वेतन काय मिळते, औषधपाणी कोण पाहते, हे माजी विद्यार्थ्यांनी वर्षातून एकदा तरी घरी जाऊन विचारावे, अशी माझी या व्याख्यानाच्या निमित्ताने नम्र विनंती आहे. व्याख्यान पुढल्या वर्षीही होईल. ती माणसे असतीलच, असे नाही.

आणि शाळेतील मुलांनो, उद्या खेळाच्या तासाला बास्केटखाली उभे राहून एकदा उजव्या आणि एकदा डाव्या हाताने चेंडू टाकाल, तेव्हा जाड चष्म्याच्या त्या मुलाची आठवण ठेवा. चेंडू मात्र जमिनीला लागू देऊ नका.